पाऊल खेळणे : देवाची सेवा, देहाची सेवा, गावाची सेवा

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात दुपारच्या वेळी केलेले भाषण)





आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. शंभर वर्षांत वीणा कितीतरी गळ्यांतून गेली, पखवाजाची पुडी कितीतरी वेळा बदलली, पण पाऊल तेच राहिलं. कमिटीनं आम्हाला सांगितलं, "बाबा, तुम्ही पावलीवर बोला. पाऊल खेळून माणसाला काय मिळतं ते सांगा." म्हणून उभे राहिलो आहोत.

पहिल्यांदा एक गोष्ट स्वच्छ सांगतो. वारकरी पाऊल खेळतो ते पांडुरंगासाठी. प्रकृती सुधारावी म्हणून कोणी वारीला निघत नाही. पण आता बघा, आपण रब्बीला ज्वारी पेरतो ती भाकरीसाठी. खळं झालं की दाण्याबरोबर कडबाही घरी येतो आणि त्या कडब्यावर दावणीचं जनावर वर्षभर जगतं. नामाचं तसंच आहे. देवाचं प्रेम हा दाणा. देह धड राहणं आणि गाव एकत्र राहणं हा कडबा. दाण्यापुढं कडब्याची किंमत कमी, हे खरं. पण कडबा रानात कुजू देणाऱ्या शेतकऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. आज आम्ही त्या कडब्यावर बोलणार आहोत.

नव्या पोरांसाठी पावली म्हणजे काय ते थोडं सांगू. टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर, मध्ये विणेकरी, जवळ मृदंग. एका ओळीनं चरण म्हणायचा, दुसऱ्या ओळीनं तो झेलायचा. ठेका पडला की सगळ्यांचं पाऊल एकदम पुढं, दुसरं त्याच्या जोडीला, मग एकदम मागं. कधी वाकून टाळ गुडघ्यापाशी, कधी हात उंचावून डोक्यावर, कधी गिरकी. चाल बदलली की पाऊल बदलतं. याच्या जोडीला फुगडी आहे, हमामा आहे, हुतुतू आहे. नाथबाबांनी फुगडी आणि पिंग्यावर भारुडं केली. तुकोबारायांच्या गाथ्यात फुगडी, टिपरी, हमामा, विटीदांडू या खेळांचे अभंग आहेत. नामदेवरायांच्या कीर्तनात देव स्वतः नाचला, असं परंपरा सांगते. म्हणजे संतांना खेळ हलका वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

वारीत तर सगळी वाटच या खेळावर चालते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. दिवे घाटाची चढण चढताना पायांत गोळे येतात, तिथं नुसतं चालणारा माणूस बसतो आणि ठेक्यावर चालणारा वर जातो. माऊलींच्या सोहळ्यात चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, वाखरीला गोल रिंगण होतं. तुकोबारायांच्या सोहळ्यात बेलवाडीला गोल रिंगण होतं. तिथं पताकावाले धावतात, विणेकरी धावतात, आणि सत्तरीची म्हातारी डोक्यावरची तुळस सांभाळत धावते. घोडा धावून गेला की उडीचा खेळ मांडतात. त्या दिवशी तळावर जाऊन विचारा, "काय माऊली, दमलात का?" एकही जण हो म्हणणार नाही. दिवसभर वाट तुडवलेला माणूस नाचून ताजा होतो, हे आपण डोळ्यांनी बघतो. त्याचं कारण मात्र कोणी शोधत नाही.

आम्हाला पुष्कळ शेतकरी म्हणतात, "महाराज, आम्ही दिवसभर रानात राबतो. आम्हाला कशाला वेगळा व्यायाम?" त्याला आमची दोन उत्तरं आहेत. पहिलं असं की रानातलं काम अंग वाकवतं, उघडत नाही. खुरपणीला बाई सकाळपासून उकिडवी बसते. ऊसतोडीला माणूस कमरेत मोडतो. ओझं एकाच खांद्यावर, कोयता एकाच हातात. पावलीत उलटं होतं. पाठ सरळ होते, छाती उघडते, दोन्ही हात सारखे चालतात, दोन्ही पायांवर भार सारखा पडतो. दिवसभर वाकलेल्या कण्याला संध्याकाळी ताठ होण्याची एक वेळ मिळते.

दुसरं उत्तर जरा कडू आहे. आता आपण पूर्वीसारखं राबतो तरी कुठं? नांगरट ट्रॅक्टरनं, मळणी मशीननं, पाणी मोटारीनं. बांधापर्यंत जायला मोटारसायकल. मोट गेली, बैल गेले, खळ्यातली पात गेली. आमच्या वडलांच्या काळी साखरेचा आजार शहरातल्या शेठजींना व्हायचा. आज वाडीवस्तीवर घरटी एकाला गोळी चालू आहे. कोणाला साखर, कोणाला रक्तदाब. भाकरी तेवढीच खातो, चहा दहादा पितो आणि अंग हलवत नाही.

डॉक्टर लोक सांगतात की मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं घाम येईल असं अंग हलवावं. जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच आकडा आहे. १५० मिनिटं म्हणजे अडीच तास. आता हिशोब करा. संध्याकाळी देवळात पावलीवर हरिपाठ म्हणायला अर्धा तास तरी लागतो. आठवड्यातून पाच संध्याकाळी हरिपाठाला उभे राहिलात तर अडीच तास भरले. पैसा लागत नाही, मशीन लागत नाही, शहरात जावं लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी १५० हा आकडा ऐकलेला नव्हता, पण दिवेलागणीची वेळ त्यांनी बांधून दिली होती.

किती जोरानं खेळायचं, याचं मापही याच खेळात आहे. मुखात नाम चालू राहिलं पाहिजे. पाऊल टाकता टाकता शब्द नीट उच्चारता येत असतील तर जोर बरोबर आहे. धाप लागून शब्द तुटायला लागला तर जोर जास्त झाला, पाऊल हळू करा. डॉक्टरसुद्धा हेच सांगतात, बोलता आलं पाहिजे इतपतच दमा. शिवाय एक ओळ म्हणते तेव्हा दुसरी थांबून श्वास घेते. लांब श्वास घ्यायचा, पुरवून पुरवून सोडायचा. फुप्फुसाला याहून चांगली सवय कोणती?

म्हातारपणी माणसाला मोठी भीती पडण्याची असते. न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि चालता बोलता माणूस खाटेला खिळतो. पावलीत आपण काय करतो? घटकाभर एका पायावर उभे राहतो, मग दुसऱ्या. पुढं जातो, न बघता मागं येतो, वळतो, थांबतो. म्हणजे तोल सांभाळायचा अभ्यास रोज होतो. चाल बदलली की पाऊल आठवावं लागतं, शेजाऱ्याकडं ध्यान द्यावं लागतं. पायाबरोबर डोकंही जागं राहतं. आपल्या दिंडीतले जुने टाळकरी बघा, ऐंशीच्या घरात गेले तरी काठी काखेत आणि टाळ हातात.

पण खेळाला विवेक पाहिजे. पांडुरंगानं देह दिला तो जपायला दिला आहे. ज्याचा गुडघा सुजलेला आहे त्यानं उडीच्या खेळात पडू नये. ज्याच्या छातीची तक्रार आहे त्यानं आपल्या डॉक्टरला विचारून मगच उभं राहावं. पाऊल टाकताना छातीत दुखलं, डावा हात भरून आला, गरगरलं, तर लाज न धरता ओळीतून बाहेर यावं आणि शेजाऱ्याला सांगावं. साखरेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्यानं उपाशीपोटी खेळू नये, खिशात गुळाचा खडा ठेवावा आणि रोज रात्री तळपाय बघावेत, कारण त्याला फोड झालेला कळत नाही. तापल्या डांबरावर अनवाणी चालण्याचा हट्ट अशा माणसानं धरू नये. देव चप्पल बघत नाही. उन्हात घाम फार गेला तर नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, एवढं घालून घोट घोट प्यावं. ज्याला उभंच राहता येत नाही त्यानं बसून टाळ धरावा. हात हलतो, मान डोलते, नाम चालतं. त्याचीही पावली झालीच.

हे झालं देहाचं. आता मनाचं बोलू.

शेतकऱ्याचं दुःख मुकं असतं. पाऊस जातो, भाव पडतो, कर्जाचा कागद येतो, आणि माणूस घरातसुद्धा बोलत नाही. आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो, नाव घेणार नाही. एकाचा तरणा मुलगा गेला. बाराव्या-तेराव्याला माणसं आली, गेली. नंतर हा रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर येऊन बसायचा. कोणी काही विचारलं नाही. विचारून तरी काय बोलणार? एक दिवस ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं नुसते टाळ त्याच्या गळ्यात अडकवले आणि म्हणाला, "उभा राहा रे." तो उभा राहिला, पण पाय हलेना. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढं कधीतरी शेजाऱ्याचं पाऊल पुढं गेलं तसं त्याचंही गेलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पाऊल चुकत नव्हतं. त्याचा मुलगा परत आला नाही. दुःख गेलंही नाही. पण त्या दिवसापासून तो जेवायला लागला, रानात जायला लागला. आज तो आपल्या दिंडीत पताका घेऊन पुढं चालतो.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. दुःखी माणसाला आपण उपदेश करतो, तो त्याच्या कानापर्यंत जात नाही. पावलीत उपदेश नाही. डाव्या-उजव्या बाजूला माणूस आहे, त्याचं पाऊल आपल्या पावलाची वाट बघतं आहे, एवढंच आहे. कोणीतरी आपल्यासाठी थांबलंय हे पायाला कळतं, मग मनाला कळतं. तरी एक सांगतो, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात त्याला नुसतं भजनावर सोडू नका. सोबत राहा, दवाखान्यात न्या. सरकारनं मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा फोन नंबर ठेवला आहे, तिथं फुकट बोलता येतं. नाम आणि औषध यांचं काही भांडण नाही.

आता गावाचं.

आपण अभिमानानं म्हणतो, वाळवंटात जात विचारत नाहीत. ओळीत उभं राहिलं की पाटील, माळी, कुंभार, महार, मांग असा भेद नाही, टाळ सगळ्यांचा एका ठेक्यात. खेळ संपला की एकमेकांच्या पाया पडायचं, थोरानं धाकट्याच्या आणि धाकट्यानं थोराच्या. ही रीत जगात दुसरीकडं सापडणं कठीण. पण खरं बोलायचं तर सगळंच बोललं पाहिजे. चोखोबारायांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, देवळाच्या आत नाही. वाळवंटात सगळे एकत्र नाचत होते तेव्हाही देवळाचं दार काहींना बंद होतं. ते उघडावं म्हणून १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं. म्हणजे पाऊल जुळलं तरी बाकीचं आपोआप जुळत नाही. पाऊल वाट दाखवतं, पुढं चालायचं काम माणसाचं. ज्याच्या खांद्याला खांदा लावून आपण खेळलो त्याच्या घरी पाणी प्यायला अडखळलो, तर ती पावली देवापर्यंत पोहोचली नाही असं समजावं.

बायांचंही तसंच. फुगडी नीट बघितली आहे का कधी? दोघींनी हात गुंफायचे, पाय जवळ आणायचे, अंग मागं टाकायचं. आपण मागं झुकतो ते समोरचीच्या भरवशावर. एकीनं हात सोडला की दोघी पडल्या. वारीत सासू-सुना फुगडी घालतात, वर्षभर एकमेकींशी धड न बोलणाऱ्या जावा-जावा घालतात, बंदोबस्ताला आलेल्या पोलीस बायासुद्धा चार गिरक्या घेतात. एका मावशीनं आम्हाला सांगितलं, "महाराज, वर्षभर मी कोणाची तरी आई असते, कोणाची तरी सासू असते. वारीत फुगडी घालते तेवढा वेळ मी माझ्या माहेरची पोरगी असते." यावर आम्ही अधिक काय बोलणार? पंढरी हे माहेर आहे असं संत सांगतात ते तिला फुगडीत कळलं. मग गावी आल्यावर तिनं देवळाच्या कडेला भिंतीला टेकून नुसतं बघत का बसावं?

मधल्या दोन वर्षांचं स्मरण सगळ्यांना आहे. २०२० साली रोग आला, पायी वारी थांबली, संतांच्या पादुका एसटी बसमधून पंढरीला गेल्या. २०२१ सालीही तेच. देवळं बंद, हरिपाठ घरात. आपण देवाला दोष दिला नाही, सरकारचं ऐकलं, ते योग्यच होतं. पण त्या दोन वर्षांत काय झालं ते आठवा. नाम तर प्रत्येक घरात चालू होतं. तरी म्हातारी माणसं आखडली. ज्यांचं गुडघ्याचं दुखणं कधी ऐकलं नव्हतं ते उठता-बसता भिंत धरायला लागले. चिडचिड वाढली. २०२२ साली पुन्हा वाट सुरू झाली, पहिल्या मुक्कामाला ओळ धरली, तेव्हा मृदंगावर थाप पडायच्या आधीच माणसं रडत होती. नाम एकट्यानं घेता येतं, पण पाऊल एकट्यानं खेळता येत नाही, हे त्या दोन वर्षांनी शिकवलं.

आता शेवटचा विषय पोरांचा. पुष्कळ जुनी मंडळी डीजेवर नाचणाऱ्या पोरांना शिव्या देतात. आम्ही देणार नाही. नाचावंसं वाटणं हा तरुण रक्ताचा धर्म आहे. त्या भिंतीएवढ्या कर्ण्यांनी कान जातात, छाती धडधडते, घरात पडलेल्या आजारी माणसाचे हाल होतात, हे खरं. पण आमचं दुखणं वेगळं आहे. त्या आवाजात पोराला शेजारच्याचं ऐकू येत नाही. शंभर पोरं एका जागी नाचतात आणि प्रत्येक जण एकटा नाचतो. टाळाचं तसं नाही. टाळ वाजवताना शेजाऱ्याचा टाळ ऐकावाच लागतो, नाहीतर ठेका मोडतो. आपण त्या पोरांना ओळीत जागा दिली का? आली तर "मागं उभं राहा, पाऊल चुकतंय" असं त्यांच्यावर ओरडतात. चुकणारच. पाळण्यातून उठून कोणी टाळकरी झालेला नाही. पोराचं पाऊल चुकलं तर आपलं थोडं हळू करावं, त्याला सापडेपर्यंत.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं दिंडीपुढं आमची चार मागणी आहेत, ती दिंडीनं मनावर घ्यावीत.

पहिलं, हरिपाठ बारमाही आणि उभ्यानं व्हावा. आषाढात एवढी माणसं, आणि माघ सरला की देवळात पाचजण, तेही बसून, असं होऊ नये.

दुसरं, दर एकादशीला संध्याकाळी पोरापोरींना पावली शिकवावी. टाळाचे जोड दिंडीनं घ्यावेत. ज्याच्या घरची ऐपत नाही त्याचं पोर टाळावाचून मागं राहू नये.

तिसरं, बायांची ओळ असावी, त्यांच्या गळ्यात टाळ असावा. पुष्कळ दिंड्यांतून हे सुरू झालं आहे, आपण मागं का?

चौथं, ओळीच्या कडेला चार खुर्च्या आणि पाण्याची घागर असावी. थकलेल्या म्हाताऱ्यानं घरी जाऊ नये, तिथंच बसून टाळ धरावा आणि दम परतला की पुन्हा उभं राहावं.

यात खर्च किती? टाळाचे थोडे जोड आणि चार खुर्च्या. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात हे सगळं होऊन वर पैसे उरतील.

शंभर वर्षांपूर्वी ज्या मूठभर माणसांनी ही दिंडी काढली त्यांच्यापाशी पैसा नव्हता, गाडी नव्हती, तंबू नव्हता. पाय होते आणि ठेका होता. ते पाय मातीत गेले, ठेका आपल्याकडं आला. पुढच्या शंभर वर्षांच्या वेळी इथं उभं राहून जो कोणी बोलेल तो आज त्या मांडवाच्या कडेला असलेल्या पोरांचा नातू-पणतू असेल. त्यानं पावली पुस्तकात वाचून सांगू नये, खेळून सांगावी, एवढीच पांडुरंगाच्या चरणी मागणी आहे.

बोलण्यात अधिकउणं झालं असेल ते आपण आईच्या मायेनं पदरात घ्यावं. आता बोलणं पुरे. मृदंगाचार्य, थाप द्या. आणि कडेची पोरं, तुम्ही आत या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.